रेडिओ बिघडलेला नव्हता

अहो, आधी भांडून घेते. रडून भरपूर झालंय, पण भांडायचं राहिलंय. खरं तर हे भांडण तुम्ही असतानाच व्हायला पाहिजे होतं. पण कसं होणार? कशावरून भांडायचं तेच मला तुम्ही गेल्यावर कळलं. आणि कळलं ते कुणाकडून, तर तुमच्या धाकट्या भावाकडून, तुमच्याच गाडीत, तुमच्याच सीटवर बसून.

येणारा-जाणारा मला सांगतोय, भला माणूस होता, कधी कुणाला दुखवलं नाही. खरंच आहे ते, मीही मान हलवते. पण तुम्ही एक नंबरचे लबाड होता हे कुणी म्हणत नाही, म्हणून ते मी इथं लिहून ठेवते. लिहिताना लाज वाटतेय, ती मात्र तुमची नाही, माझी वाटतेय. तेवढं ध्यानात घ्या आणि मग ऐका.

तेरावं झालं आणि हुपरीहून माझ्या भावाचा, आप्पाचा, फोन आला. चांदीच्या भट्टीजवळ आयुष्य गेलेला माणूस, फोनवरसुद्धा ओरडूनच बोलतो. "आक्का, ऐतवारी दुखवट्याला या सगळी. जेवण हिकडंच." माहेरच्यांनी बोलवायचं, जेवू घालायचं, साडी द्यायची आणि बाईचं दुःख थोडं हलकं करून परत पाठवायचं, ही आपल्याकडची रीत. मी नको म्हटलं. आप्पानं ऐकलं नाही. मी परत नको म्हटलं. "गप ये," म्हणून त्यानं फोन ठेवला. म्हणून निघालो. मी, तुमचा भाऊ संजय आणि तुमची थोरली बहीण, आमच्या वन्सं.

गाडी तुम्ही लावली होती तशीच दारात उभी होती. भाऊजींचे पाय आखूड, त्यांनी तुमची सीट पुढं ओढली. मला ते बघवलं नाही. मी डाव्या बाजूला माझ्या जागेवर बसून समोरच्या काचेकडं बघत राहिले. गल्लीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या, डोक्यावरून पदर घेऊन. कुणी डोळे पुसत होतं. भाऊजींनी किल्ली फिरवली आणि रेडिओ लागला.

लागला कसला, अंगावर आला. तुम्ही तो बंद तरी कधी करायचात? गाडीबरोबर लागायचा, गाडीबरोबर थांबायचा. शेवटच्या खेपेला आवाज मीच वाढवून ठेवला असणार. आणि गाणं लागलं ते पण नेमकं वरातीत पोरं नाचतात तसलं, ढोलताशाचं.

"अगं बाई बाई! बंद करा की त्ये!" मागनं वन्सं ओरडल्या. "दुखवट्याला चाललोय का वरातीला?"

आता तो सेट चालवणारी मी. इतकी वर्षं त्या सीटवर बसून स्टेशन लावायचं, आवाज वाढवायचा, सगळं माझ्याच हातात होतं. पण बंद कसा करायचा ते मला माहीतच नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती. मी पडद्यावर बोट मारलं तर फोन लावायचं पान आलं. परत मारलं तर नकाशा आला. आवाजाची खूण सापडली, पण घाईत बोट उलट्या बाजूला सरकलं आणि ढोल आणखी मोठ्यानं वाजायला लागला. भाऊजी इतके गडबडले की त्यांनी कुठलीतरी दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर करकरा फिरायला लागले. दारातल्या बायकांनी रडायचं थांबवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. नवऱ्याचं तेरावं आत्ता कुठं झालंय आणि बाईच्या गाडीत वरात निघालीय.

मग भाऊजींना काहीतरी आठवलं. त्यांनी डाव्या अंगठ्यानं स्टेरिंगवरचं एक बारकं बटण दाबून धरलं. पडद्यावरचा आकडा भराभर खाली आला आणि गाणं गप झालं.

गल्ली संपली, मोठा रस्ता लागला. गांधीनगरच्या गर्दीतनं बाहेर पडल्यावर मी विचारलं, "भाऊजी, मघाशी काय केलासा?"

"आवाज कमी केला, वैनी."

"त्या बटणानं?"

"व्हय की. दादा करायचा न्हवं का, तसंच."

"कवा करायचे?"

भाऊजींनी आरशातनं मागं बघितलं. मागनं काही मदत मिळेना, तेव्हा म्हणाले, "तुम्ही गायला लागला की."

"मी कवा गाते?"

"आता काय सांगायचं," म्हणून भाऊजी रस्त्याकडं बघायला लागले. वन्संनी मागनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मंदे, तुला म्हाईत न्हवतं व्हय गं? तू गुणगुणायला लागलीस की त्यो रेडिओ बारीक करायचा. तुझं ऐकायला. आमी मागनं बघत हुतो की. त्या वक्ताला त्याचं तोंड बघायला पायजे हुतंस, पास झालेल्या पोरागत व्हायचं. आमाला वाटायचं, तुला बी ठावं असंल."

मला ठावं नव्हतं.

आपल्या रेडिओचं दुखणं आठवतंय ना? आठवणारच, ते दुखणं तुम्हीच होता. मी गाणं लावायची, आवाज मनासारखा करायची आणि काचेकडं तोंड करून उसाची रानं बघत बसायची. गाणं ओठांवर कधी यायचं ते माझं मलाही कळायचं नाही. आणि एकदम रेडिओ खाली. भर गाडीत माझाच आवाज मला ऐकू यायचा, उघडाबोडका. मी चटकन गप. मग सगळा राग त्या सेटवर. "मेल्याला काय रोग झालाय! दोन मिनिटं धड वाजत न्हाय." परत आवाज वाढवायची. थोडा वेळ बरं चालायचं. मी विसरून गुणगुणायला लागले की परत खाली. आणि तुम्ही समोर बघून गाडी चालवताय, तोंडावरची माशी हलत नाही. "लूज कनेक्शन असंल," म्हणायचात. लूज कनेक्शन! एकदा मी विचारलंही होतं, ही स्टेरिंगवरची बटणं कशाची? "फोन उचलायची," म्हणालात. आणि मी, गल्लीत भल्याभल्यांना गप करणारी बाई, त्यावर विश्वास ठेवून बसले. दोन बटणं फोनची होतीही म्हणे. अर्धं खरं बोलायची तुमची खोड जुनीच.

आणखी एक आत्ता लक्षात येतंय. हुपरीला जायचं तर तुम्ही गाडी नेहमी दुपारीच काढायचात. मी करवादायची, उन्हात कशाला भाजायला, सकाळी निघू. तुम्ही काहीतरी काम काढून सकाळ घालवायचात. त्या वेळेला रेडिओवर जुनी गाणी असायची, मला येणारी. हे माझं मीच जुळवलंय. खोटं असेल तर तुम्ही सांगा.

हुपरीत पोचलो तेव्हा आप्पाच्या घराच्या पुढच्या सोप्यात बायका पैंजणांना घुंगरू जोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या, गळ्यात पडून रडल्या, परत बसल्या. त्याच सोप्यात मी मोठी झाले. हाताला लय लागावी म्हणून आम्ही पोरी गायचो आणि सुरुवात मी करायची. काकी म्हणायची, मंदीनं आवाज टाकला की पलीकडच्या आळीतले हात चालतात. लग्नानंतर मला कुणी गाऊ नको म्हटलं नाही. सासूबाईंनी नाही, तुम्ही तर नाहीच. नुसतं गात गात करायचं काम हाताशी राहिलं नाही, आणि मी गायची हेच मी विसरून गेले. तुम्ही मला बघायला आलात त्या दिवशीही मी सोप्यात गातच होते. पावणं आलं म्हणून काकीनं मला मध्येच गप केलं आणि आत पिटाळलं. तुम्ही दाराशी चपला काढत असणार तेव्हा. तुम्ही ऐकलं असणार. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही आणि तुम्ही कधी सांगितलं नाही.

पान वाढलं. मला कबनूरचं लग्न आठवत होतं, तुमच्या चुलतभावाच्या लेकीचं. पंगतीत मी चार बायकांना ऐकू जाईल अशी नाही, चाळीस जणांना ऐकू जाईल अशी बोलत होते. "आमच्या ह्यांचा हात असा आखडता, की गाडीत रेडिओ बसवलाय त्यो बी कुठला तरी भंगारातला. निम्मं गाणं वाजवतोय, निम्मं गिळतोय." हशा पिकला. वन्संना तर ठसका लागला, भाऊजींनी तोंडाला रुमाल लावला. तुम्ही समोरच्या ओळीत मान खाली घालून जिलेबी खात होता. मला वाटलं, बरी जिरवली. अहो, ती माणसं तुम्हाला हसत नव्हती. ती मला हसत होती. आणि तुम्ही मान खाली घातली होती ती हसू दाबायला की माझी लाज राखायला, हे आता मी कुणाला विचारू? आप्पाच्या सोप्यात त्या ताटावर बसून मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की मी उठून हात धुतले. आप्पाला वाटलं, तुमच्या आठवणीनं जेवण जात नाही. तसं म्हटलं तर तेही खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून अल्ताफच्या दुकानात गेले. सीटकव्हर, हॉर्न, रेडिओ बसवणारा तो पोरगेलासा माणूस, त्याचं ते एका गाळ्याचं दुकान. किती वेळा मी तिथं उभी राहून त्याचा उद्धार केलाय! "पावणं, फुकटात दिलायसा का ह्यो डबा?" दुसरी गिऱ्हाइकं असली की आवाज आणखी चढवायची. एकाला तर, "हितनं काय घेऊ नकासा," असंही सांगितलं होतं. तो बिचारा, "चेक करतो, काकू," म्हणून गाडीत शिरायचा, पट्टी काढायचा, वायरी ओढायचा, परत बसवायचा. तुम्ही तोवर सीटकव्हरांचं कापड चाचपत उभे, जसं काय लग्नाचा बस्ता बांधायला आलाय.

मला बघून तो उठूनच उभा राहिला. "काकू, परत बिघडला?"

असं वाटलं, उलट्या पावली परत जावं. "न्हाय बाबा," मी म्हटलं, "बिघडलाच न्हवता."

त्यानं स्टूल पुसून दिलं. मी बसले. मग खाली बघत म्हणाला, "म्हाईत हाय, काकू."

म्हणजे यालाही माहीत! मी म्हटलं, "तुला कसं रे?"

"काका आधी फोन करायचे. 'ती येतीया बघ. ऐकून घे. दोन वायरी काढून परत लाव, म्हंजे तिचं समाधान हुतंय.' तुमी गेल्यावर परत एकटे यायचे, चहा सांगायचे. म्हणायचे, 'माझ्यापायी तुला बोलणी बसली.'"

"आणि नवा सेट घेतला त्यो?"

"त्यो तुमी हट्ट धरलासा म्हणून. जुना चांगलाच हुता की. नवा बसवताना काकांचं येकच म्हणणं. बाकी काय चालंल ते चालू दे, स्टेरिंगचं बटण चाललं पायजे."

धन्य आहे तुमची! मी भांडून, अबोला धरून नवा रेडिओ घ्यायला लावला, आणि तुम्ही त्याला सगळ्यात आधी तेच बटण जोडून घेतलंत.

अल्ताफनं चहा मागवला होता, तो आला. कप माझ्या हातात देत म्हणाला, "मी येकदा काकांना म्हटलं हुतं, सरळ सांगा की काकूंना, मोठ्यानं म्हणा म्हणून. तर म्हणाले, 'येकदा सांगून बघितलंय. आता न्हाय सांगत. असं निदान अर्धी ओळ तरी मिळती.'"

मी तिथं रडले नाही. रडायला माणसाला थोडी तरी इज्जत लागते, ती माझ्याकडं नव्हती त्या वेळेला. एका माणसाला माझं अख्खं गाणं हवं होतं आणि मी त्याला अर्ध्या ओळीवर ठेवलं होतं. तेही त्यानं माझ्याकडून चोरून घ्यायचं, आणि घेतलं की माझ्या शिव्या खायच्या, आणि वर दुकानदाराला चहा पाजून माझ्या वतीनं माफी मागायची. मी अल्ताफपुढं हात जोडले. "माझं चुकलं रं बाबा," म्हटलं. त्यानं घाईनं माझे हात धरून खाली केले. "असं नका करू, काकू. काका मलाच रागावतील." तुम्हाला राग येताना त्यानं कधी बघितलं होतं, कुणास ठाऊक.

एकदा सांगून बघितलंय, म्हणालात. हो, बघितलंत. ते मला नाकारता येत नाही. जोतिबाहून येत होतो, गाडी नवी होती, मागं भाऊजी आणि वन्संच बसल्या होत्या. मी काहीतरी गुणगुणत होते आणि भान आल्यावर थांबले. तुम्ही म्हणालात, "थांबलीस का? म्हण की पुढं. चांगलं म्हणतीस." सगळ्यांसमोर तुम्ही मला चांगलं म्हणालात, याचीच मला इतकी लाज वाटली की तोंडाला येईल ते बोलून गेले. "मी काय तमाशातली बाई हाय, ह्यांच्यापुढं गायला? गप गाडी चालवा." मागं दोघं हसली. तुम्हीही हसलात, पण तुमचे कान लाल झाले. मला दिसले होते ते. घरी गेल्यावर काहीतरी बोलावं असं वाटलंही होतं, पण भाकरी करायची होती, मग राहिलं. ते राहिलं ते राहिलंच.

आता भांडण. एकदा नाही म्हटलं म्हणून तुम्ही परत विचारलं नाहीत? अहो, तुम्ही कोल्हापूरचे ना? आपल्या दारात आलेला माणूस चहा नको म्हणाला म्हणून कधी चहा न घेता गेलाय? पंगतीत माणूस ताटावर हात आडवा धरून नको नको म्हणत असायचा आणि तुम्ही त्याच्या बोटांच्या फटीतनं रस्सा वाढायचात. माझ्या आप्पानं पथ्य आहे म्हणून सांगितलं तरी त्याच्या ताटात मटणाचा तुकडा टाकल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही. आपल्याकडं पहिलं नको कुणी मोजतं का? दुसरं पण मोजत नाहीत. सगळ्या जिल्ह्याला तुम्ही आग्रह केलात. मलाच तेवढा केला नाहीत. माझ्या बोलण्याला इतका मान द्यायची काय गरज होती? एरवी मी सांगितलेलं दूध आणायला विसरायचात आणि हे एवढं एक वाक्य मात्र जन्मभर लक्षात ठेवलंत!

असं मी तुमच्या फोटोपुढं उभी राहून मोठमोठ्यानं बोलले. बोलून झाल्यावर तुमचं उत्तर माझं मलाच सुचलं. चहा नको म्हणणारा माणूस हसून नको म्हणतो. मी हसले नव्हते. मी तुम्हाला तुमच्या भावाबहिणीसमोर टोचून बोलले होते. तुम्ही परत विचारलं असतं तर मी आणखी वाईट बोलले असते, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक आहे. आग्रह करायला मी तुम्हाला जागा कुठं ठेवली होती? म्हणून भांडणात मीच हरले. तुम्ही असतात तर एवढ्या सहज कबूल केलं नसतं.

तरी एक सांगते. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचा आवाज कुणी इतकी वर्षं लपूनछपून ऐकत होतं, हे कळल्यापासून मी आरशात बघते तेव्हा जरा वेगळी दिसते. वाईट दिसते, पण कुणाला तरी हवी असलेली दिसते. हे तुमचे उपकार. मी ते घेतले आहेत. तुमच्याकडनं मी नेहमी घेतच आले.

काल दुपारी जेवण झाल्यावर किल्ली घेतली आणि तुमच्या सीटवर जाऊन बसले. पहिल्यांदाच. गाडी मला चालवता येत नाही, पण किल्ली निम्मी फिरवली की इंजिन न लागता रेडिओ लागतो, एवढं भाऊजींनी दाखवलं होतं. काचा वर घेतल्या. गल्ली आडवी झाली होती. एक जुनं गाणं लागलं, मला येणारं. मी अंगठा त्या बटणावर ठेवला. वाढवायच्या बाजूची खूण नव्यासारखी आहे, कमी करायच्या बाजूची पार झिजलीय. दाबून धरलं. रेडिओ गप झाला आणि मी गायला लागले.

सवयीनं लगेच थांबले. मग नेट लावून पुढं म्हटलं. दुसरी ओळ आली, तिसरी येईना. कशी येणार? तिथवर पोचून किती काळ लोटलाय. शब्द नव्हते तिथं नुसता सूर लावला, तोही फाटका. तुम्हाला तो आवडला असता, याला काय इलाज नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. समोरच्या चौगुलेवैनी, हातात मेथीची जुडी. मला घामच फुटला. कपाळ मोकळं, नवरा जाऊन महिना झालेला नाही, आणि बाई भर दुपारी बंद गाडीत बसून गातेय. काच खाली केली.

"कोण म्हणतंय गं?"

"रेडिओ हाय," मी म्हटलं.

बघा. तुम्ही गेल्यावरही मी तुमचा रेडिओच पुढं केला.

वैनींनी वाकून पडद्याकडं बघितलं. आवाजाचा आकडा शून्यावर होता. त्यांना आकडे वाचता येतात. पण त्या नुसतं म्हणाल्या, "बरा लागलाय की. बंद का केलास? लाव."

"नको वैनी. चांगलं दिसत न्हाय."

"लाव गं. मी हितं पायरीवर भाजी निवडत बसतीया."

"नको वो. कोण काय म्हणंल."

"लाव म्हणतीया न्हवं!" असं डाफरून त्या त्यांच्या पायरीवर जाऊन बसल्या, माझ्याकडं पाठ करून.

आणि मी म्हटलं. पहिल्यापासून, काच उघडी ठेवून, येत होतं तेवढं सगळं. मध्ये कुणीतरी खिडकी उघडली, तरी थांबले नाही. गाणं संपल्यावर वैनींनी मागं न बघता नुसती मान हलवली, देठं गोळा केली आणि घरात गेल्या.

एवढंच लागत होतं अहो. जे तुम्ही वर्षानुवर्षं अंगठ्यानं चोरून तुकडा तुकडा गोळा करत होता, ते मी काल मेथी निवडणाऱ्या बाईला अख्खं देऊन टाकलं, आणि तिनं नुसता दम दिला म्हणून. तुमच्यापुढं म्हटलं नाही. तुमच्यापुढं एकदाही म्हटलं नाही.